अडलेली प्रसूती, अडलेला रस्ता : संघर्षग्रस्त प्रदेशांतील प्रसूतिजन्य फिस्टुला आणि लांबलेली शस्त्रक्रिया

युद्धातील जखमांची मोजदाद करण्याची जी रीत जगभर रूढ आहे तीत गोळी, तोफगोळा, भूसुरुंग आणि अलीकडे ड्रोन यांमुळे झालेल्या इजा सहज बसतात, कारण तिथे जखम करणारे शस्त्र दिसते, जखम कधी झाली ते सांगता येते आणि जखमीला उचलून नेणाऱ्यांना घाई कशाची आहे हे समजावून द्यावे लागत नाही. युद्धग्रस्त प्रदेशांत स्त्रियांच्या शरीराला होणारी एक इजा या मोजदादीबाहेर राहते. ती घरात होते, तिला शस्त्र लागत नाही, आणि ती झाल्याचे कळायलाही पुष्कळदा आठवडा जातो. प्रसूती दोन-दोन, तीन-तीन दिवस अडून राहिल्याने जन्ममार्ग आणि मूत्राशय यांच्यामधल्या पडद्याला, काही वेळा जन्ममार्ग आणि गुदाशय यांच्यामधल्या पडद्याला, भोक पडते आणि त्यातून लघवी किंवा मळ रात्रंदिवस आपोआप पाझरत राहतो. वैद्यकीय भाषेत याला प्रसूतिजन्य फिस्टुला म्हणतात. इथिओपियातील तिग्राय, काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा पूर्व भाग आणि ईशान्य नायजेरिया या तीन प्रदेशांच्या आधारे ही इजा वेळेत दुरुस्त का होत नाही, याचा विचार येथे करावयाचा आहे. प्रसूतीपूर्वीच्या विलंबावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यामानाने प्रसूतीनंतरच्या विलंबाकडे कमी लक्ष गेले असल्याने या विवेचनाचा भर त्यावर राहील.

इजा कशी होते हे नीट पाहिल्याखेरीज वेळेचे मोल ध्यानात येत नाही. बाळाचे डोके आईच्या ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातून उतरू शकत नाही, म्हणजे बाई अडते, तेव्हा प्रत्येक कळेसरशी ते डोके पुढच्या हाडावर दाबले जाते आणि हाड व डोके यांच्या चिमट्यात मूत्राशयाची आणि योनीची मऊ भिंत सापडून तिथला रक्तपुरवठा थांबतो. हा दाब सिझेरियन करून वेळेत काढला तर पेशी सावरतात; तो दिवसच्या दिवस राहिला तर तेवढा भाग मरतो. बाळ बहुतेक वेळा पोटातच दगावते आणि त्यानंतर कधीतरी बाहेर येते, आई वाचली म्हणून घरचे देवाचे आभार मानतात, आणि मग काही दिवसांनी, कधी आठ-दहा दिवसांनी, मेलेला भाग गळून पडला की अंथरूण ओले होऊ लागते. दाबाने मज्जातंतूही दुखावले असतील तर पाऊल लोंबते आणि चालताना पाय ओढावा लागतो. लघवी कमी व्हावी म्हणून बाई पाणी पिणे तोडते. त्यामुळे लघवी दाट होते, मांड्यांची कातडी सोलवटते आणि मूत्राशयात खडे धरतात, असे की पुढे शस्त्रक्रिया करायला घेतली तरी आधी खडे काढावे लागतात आणि भोक शिवणे आणखी काही आठवडे पुढे जाते.

ही दुरुस्ती कशी करावी हे वैद्यकशास्त्राला नव्याने शिकायचे आहे असे मुळीच नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जेम्स मॅरियन सिम्स या शल्यविशारदाने १८४०च्या दशकात गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, पुनःपुन्हा शस्त्रक्रिया करून १८४९मध्ये चांदीच्या तारेने टाके घालण्याची यशस्वी पद्धत बसवली. त्या स्त्रियांपैकी अनार्का, बेट्सी आणि लूसी ही तीनच नावे इतिहासाला ठाऊक आहेत, आणि सिम्सचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कजवळचा पुतळा २०१८मध्ये हलवण्यात आला तो त्यांच्यामुळेच. ज्ञान इतके जुने असताना, आणि ते मिळवण्याची किंमत अशा तऱ्हेने वसूल झालेली असताना, आजही ही इजा घेऊन लाखो स्त्रिया जगत असतील तर प्रश्न शास्त्राचा उरत नाही. तो रस्त्याचा, पैशाचा आणि राज्यकारभाराचा होतो.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासकांनी १९९४मध्ये मातामृत्यूंच्या संदर्भात तीन विलंबांची मांडणी केली, ती या विषयात पायाभूत मानली जाते: दवाखान्यात जायचे हे ठरवण्यातला विलंब, तिथे पोचण्यातला विलंब आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. शांततेच्या काळात हे तीन टप्पे एकामागून एक येतात आणि त्यांवर वेगवेगळा इलाज करता येतो. युद्धात ते एकमेकांत मिसळतात, कारण दवाखाना चालू आहे की नाही हेच ठाऊक नसल्यावर जायचे की नाही हे घरच्यांनी ठरवायचे कशाच्या आधारावर? तिग्रायमध्ये नोव्हेंबर २०२०मध्ये युद्ध सुरू झाले. त्यापूर्वी इथिओपियाने २००३पासून गावोगावी आरोग्य विस्तार सेविका नेमून, दूरच्या गरोदर स्त्रियांसाठी दवाखान्यालगत प्रतीक्षागृहे उभारून आणि तालुकानिहाय रुग्णवाहिका देऊन बाळंतपणे घरातून दवाखान्यात आणण्याचे काम नेटाने चालवले होते. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेच्या पथकांनी डिसेंबर २०२०च्या मध्यापासून मार्च २०२१च्या सुरुवातीपर्यंत तिग्रायमधील १०६ आरोग्यकेंद्रे पाहिली, तेव्हा त्यांतील जवळपास ७० टक्के लुटली गेलेली होती, ३० टक्क्यांहून अधिक केंद्रांची नासधूस झालेली होती आणि अवघी १३ टक्के नेहमीसारखी चालत होती. सुमारे प्रत्येक पाचव्या केंद्रात सैनिकांनी कधी ना कधी तळ ठोकला होता, आणि बहुतेक रुग्णवाहिका सशस्त्र गटांनी पळवल्या होत्या.

या आकड्यांत लुटीचे स्वरूप दिसत नाही, पण अडलेल्या बाईच्या दृष्टीने तेच निर्णायक असते. खाट आणि औषधे गेली तर ती पुन्हा आणता येतात. निर्जंतुकीकरणाचे यंत्र, जनरेटर, गरोदर स्त्रियांची नोंदवही आणि रुग्णवाहिका गेली की पूर्वी दोन तासांचे असलेले अंतर, बाई झोळीत घालून माणसांनी वाहायची म्हटल्यावर, दोन दिवसांचे होते. कळा बहुधा रात्री वाढतात, आणि संचारबंदी असते ती रात्रीच. नाक्यावरच्या सैनिकाला समोरची बाई खरोखर अडली आहे की पोटाशी काही बांधून आली आहे हे कळत नाही, सोबतच्या तरुण दिराला किंवा नवऱ्याला पुढे जाऊ दिले जात नाही, म्हणून घरचे उजाडण्याची वाट पाहतात; फिस्टुलाच्या हिशेबात ती एक रात्र फार मोठी असते. बाळंतपण करणारी माणसेही या काळात सुरक्षित राहत नाहीत. ईशान्य नायजेरियाच्या बोर्नो राज्यातील रान या गावावर मार्च २०१८मध्ये झालेल्या हल्ल्यात दोन सुईणी आणि एक परिचारिका पळवून नेल्या गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये त्या दोन्ही सुईणींची हत्या झाली. अशा एका घटनेनंतर केवळ ते गाव नव्हे, आजूबाजूच्या मुलखातली नेमणूकसुद्धा कोणी सहजी पत्करत नाही.

इथवर जे सांगितले ते बाळंतपणाआधीचे. थॅडियस-मेन यांच्या मांडणीचा विषय मृत्यू होता, त्यामुळे बाई जगली की त्यांचा हिशेब पुरा होतो; फिस्टुलाच्या रुग्णाचा हिशेब मात्र तिथून सुरू होतो. लघवी पाझरू लागल्यापासून दुरुस्तीपर्यंतच्या या चौथ्या विलंबात अगदी सुरुवातीचे दिवस सर्वांत मोलाचे असतात, आणि नेमके तेच हातचे जातात. नायजेरियातील कात्सिना येथे दीर्घकाळ काम केलेले डच शल्यविशारद केस वाल्डाइक यांनी ही गोष्ट ठामपणे मांडली. जखम भरून येईपर्यंत तीन महिने थांबून मग शस्त्रक्रिया करावी अशी पूर्वापार शिकवण होती. वाल्डाइक यांनी ताज्या फिस्टुलाच्या रुग्णाला आल्याबरोबर लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, घालून मूत्राशय रिकामे ठेवायला, भरपूर पाणी पाजायला, मेलेला भाग काढून जखम स्वच्छ करायला आणि गरज असेल तर लगेच शिवायला सुरुवात केली. इजा होऊन ३ ते ७५ दिवस झालेल्या १,७१६ रुग्णांचा अनुभव त्यांनी २००४मध्ये प्रसिद्ध केला, त्यात पहिल्याच प्रयत्नात भोक बंद होण्याचे प्रमाण ९५ टक्क्यांहून अधिक होते, आणि त्यांतील काहींना चाकू लागलाच नव्हता. नळीनेच काम भागले होते. हे यश एका असामान्य हाताचे आहे आणि ते जसेच्या तसे कुठेही मिळेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. तरी त्यातला नळीचा भाग कोणत्याही प्रशिक्षित परिचारिकेला जमणारा आहे: भोक लहान आणि ताजे असेल तर चार ते सहा आठवडे नळी वाहती ठेवल्याने ते आपोआप मिटण्याची चांगली शक्यता असते.

नळी स्वस्त आहे, ती घालायला शल्यविशारद लागत नाही, मग ती घातली का जात नाही? पाझर सुरू होतो तेव्हा बाई दवाखान्यात नसते, हे पहिले कारण. बाळंतपण दवाखान्यात झाले असले तरी गर्दीच्या दवाखान्यातून तिला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवलेले असते. प्रसूती फार वेळ अडलेल्या प्रत्येक स्त्रीला पाझर नसतानाही काही दिवस नळी ठेवावी ही साधी खबरदारी, खाट रिकामी करण्याच्या घाईत, पहिली गळते. दुसरे कारण असे की हा आजार आहे आणि तो बरा होतो ही माहितीच घरात नसते. मूल गेले, अंग फुटले, यामागे शाप किंवा पाप शोधले जाते आणि बाईला वेगळ्या खोलीत किंवा माहेरी धाडले जाते. विस्थापितांच्या छावणीत वेगळी खोलीही नसते. पाण्याच्या रांगेत दिवसाकाठी मिळणारे मोजके पाणी स्वयंपाकाला पुरवायचे की चिंध्या धुवायला, हा तिथला रोजचा प्रश्न असतो, आणि वासामुळे शेजारच्या तंबूतून तक्रार आली की बाई मदत-वाटपाच्या रांगेतही जायचे टाळते. ज्या यादीतून तिला वैद्यकीय मदतीपर्यंत नेता आले असते त्या यादीत अशा रीतीने तिचे नावच लागत नाही.

पूर्व काँगोमध्ये या इजेला जगाचे लक्ष मिळाले, आणि ते ज्या प्रकारे मिळाले तो प्रकार तपासण्याजोगा आहे. दक्षिण किवू प्रांतातील लेमेरा येथील रुग्णालयावर ६ ऑक्टोबर १९९६ रोजी हल्ला होऊन खाटांवरच्या रुग्णांची आणि कर्मचाऱ्यांची हत्या झाली. त्या रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर डेनिस मुक्वेगे यांनी पुढे १९९९मध्ये बुकावू शहरात पांझी रुग्णालय उभारले. बाळंतपणातले मृत्यू कमी करावेत हा त्यामागचा मूळ हेतू होता, पण तिथे येऊ लागल्या त्या अमानुष लैंगिक अत्याचाराने शरीर फाटलेल्या स्त्रिया, आणि मुक्वेगे यांना २०१८मध्ये नादिया मुराद यांच्यासह मिळालेले नोबेल शांतता पारितोषिकही लैंगिक हिंसेचा युद्धातील शस्त्र म्हणून होणारा वापर थांबवण्याच्या कार्यासाठी होते. अत्याचाराने थेट होणाऱ्या फिस्टुलाला आघातजन्य फिस्टुला म्हणतात आणि त्याची भीषणता निर्विवाद आहे. तथापि पांझीमध्ये २००५ ते २००७ या काळात उपचार घेतलेल्या ६०४ फिस्टुला-रुग्णांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आपला फिस्टुला लैंगिक हिंसेमुळे झाला असे सांगणाऱ्या स्त्रिया २४ होत्या, आणि त्यांतही अत्याचाराचा थेट परिणाम म्हणून इजा झालेल्या फक्त ५. उरलेल्यांपैकी बहुतेकींना ही इजा अडलेल्या प्रसूतीने दिली होती, आणि काहींना ती चुकीच्या शस्त्रक्रियेने.

हा अभ्यास काही जणांना अडचणीचा वाटला, आणि तो चुकीच्या हाती पडला तर हिंसेचे गांभीर्य कमी करायला वापरला जाईल ही भीती अनाठायी नव्हती. तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष टाळता येत नाही. मदतीचा पैसा अत्याचारग्रस्तांच्या नावाने येत असेल आणि उपचार मोफत मिळण्याचा दरवाजाही त्याच नावाचा असेल, तर तीन दिवस कळा सोसून मूल गमावलेल्या बाईला त्या दारात उभे राहताना आपली कहाणी बदलावी असे वाटण्याची सोय आपणच करून ठेवतो. शिवाय अत्याचाराचा शिक्का नको म्हणून दुसऱ्या काही जणी त्या रुग्णालयाकडे फिरकतच नाहीत. शस्त्र दिसले तरच जखम युद्धाची मानायची हा हट्ट इथे दोन्ही बाजूंनी नडतो. रस्ता बंद पाडणारा, सुईणीला पळवून लावणारा आणि रुग्णवाहिका लुटणारा गट हा त्या ५९९ स्त्रियांच्या इजेतही वाटेकरी असू शकतो, मात्र त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात त्याबद्दल आरोप ठेवला जात नाही.

रुग्णालयापर्यंत पोचलेल्या बाईची पुढची वाट एका खोलीत ठरते. शस्त्रक्रियागृहात लागते ते फारसे अवघड नाही: कंबरेखाली भूल देणारा माणूस, चांगला प्रकाश, विरघळणारे टाके, निळा रंग मूत्राशयात सोडून गळती तपासण्याची सोय, आणि खोल अरुंद जागेत, व्रणाने कडक झालेल्या ऊतींत काम करण्याचा सराव असलेला शल्यविशारद. यश पुष्कळदा ठरते ते मात्र नंतर वॉर्डात. नळी रक्ताच्या गुठळीने तुंबली किंवा खाटेच्या कडेला दुमडली आणि मध्यरात्री कोणाच्या लक्षात आले नाही, तर मूत्राशय तटतटून फुगते आणि नुकतेच घातलेले टाके उसवतात. तासातासाला नळीतून थेंब पडतात की नाही हे पाहणारी परिचारिका म्हणून शल्यविशारदाइतकीच महत्त्वाची असते. शहराजवळ लढाई पेटली की हीच परिचारिका गोळी लागलेल्यांच्या वॉर्डात हलवली जाते, आणि ज्या खाटांवर फिस्टुलाच्या बायका दोन आठवडे पडून असतात त्या खाटा पहिल्यांदा मोकळ्या केल्या जातात, कारण या बायका मरत नसतात. म्हणूनच २०१५मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेली, आफ्रिकेतील आठ देशांतील ५२४ स्त्रियांवरची चाचणी संघर्षग्रस्त प्रदेशांच्या दृष्टीने फार मोलाची आहे. साध्या फिस्टुलाच्या दुरुस्तीनंतर नळी १४ दिवसांऐवजी ७ दिवस ठेवली तरी निकाल बिघडत नाही असे तीत दिसले, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१८मध्ये ७ ते १० दिवसांची शिफारस केली. एका खाटेवर तेवढ्याच काळात जवळजवळ दुप्पट स्त्रिया बऱ्या होऊ शकतात, तेही एकही नवी खाट विकत न घेता.

वेळेत म्हणजे घाईने, असा अर्थ घेतला तर मात्र घात होतो. फिस्टुलाची पहिली शस्त्रक्रिया हीच यशाची सर्वांत चांगली संधी असते. ती फसली की व्रण वाढतो आणि प्रत्येक पुढची शस्त्रक्रिया अवघड होत जाते. अपुऱ्या प्रशिक्षणाच्या हातून घाईत झालेल्या सिझेरियनमध्ये किंवा गर्भाशय काढताना मूत्राशय वा मूत्रवाहिनी दुखावूनही फिस्टुला होतो, त्याला उपचारजन्य फिस्टुला म्हणतात. थॉमस रासेन आणि सहकाऱ्यांनी ११ देशांतील ५,९५९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांतील ८०५, म्हणजे सुमारे १३ टक्के, अशा निघाल्या. युद्धात अनुभवी डॉक्टर देश सोडून जातात आणि सुरी हाती येते ती कालच शिकलेल्याच्या, त्यामुळे बाईला सिझेरियन मिळाले एवढ्यावर समाधान मानता येत नाही. विमानाने आठवडाभरासाठी येऊन चाळीस-पन्नास शस्त्रक्रिया करून जाणाऱ्या शिबिरांबद्दलही हेच म्हणावे लागेल. जिथे कायमची सोय नाही तिथे शिबिरे आवश्यक आहेत आणि त्यांतून असंख्य स्त्रिया बऱ्या झाल्या आहेत. पण शिबिराचे छायाचित्र निघते ते टाके घालण्याच्या दिवशी, नळी तुंबते ती पाहुणे परत गेल्यावर.

पैशाचा प्रश्न २०२५मध्ये एकदम उघडा पडला. जानेवारीच्या अखेरीस एम-२३ या बंडखोर गटाने पूर्व काँगोतील गोमा आणि फेब्रुवारीच्या मध्यास बुकावू ताब्यात घेतले. गोम्याचा विमानतळ बंद पडला, बँकांचे व्यवहार थांबले, आणि पगार व टाके दोन्ही शेजारच्या देशांतून वळसा घालून आणण्याची पाळी आली. याच महिन्यांत अमेरिकेने ‘यूएसएड’ ही आपली मदतसंस्था मोडीत काढली, जिच्या निधीवर फिस्टुला दुरुस्तीचे कार्यक्रम अनेक देशांत, काँगोतही, वर्षानुवर्षे चालले होते. ज्या रुग्णाचा मृत्यू दारात उभा नाही तिच्यावरचा खर्च कपातीत आधी जातो, हे ओघानेच आले.

मोजणीचा घोळ याला हातभार लावतो. जगात २० लाख स्त्रिया फिस्टुलासह जगत असल्याचा अंदाज बरीच वर्षे सांगितला जात होता, आता संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी सुमारे ५ लाख म्हणतो, आणि हा फरक मुख्यतः मोजण्याच्या पद्धतीतला आहे, दरम्यान १५ लाख स्त्रिया बऱ्या झाल्या असा त्याचा अर्थ नाही. घरोघर फिरून केलेल्या पाहण्यांचा आधार नव्या अंदाजाला आहे ही चांगली गोष्ट, पण सर्वेक्षक जिथे जाऊ शकत नाहीत ते मुलूखच नेमके संघर्षाचे असतात. दवाखान्यातल्या नोंदींवर विसंबणे किती फसवे ठरते हे महाराष्ट्राला निराळे सांगायला नको. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. ती तपासणी शक्य झाली ती गावाने तपासणाऱ्यांवर विश्वास टाकला म्हणून, आणि सैन्य, बंडखोर व मदतसंस्था यांच्या गाड्या एकाच रस्त्यावरून फिरतात तिथे सर्वांत आधी संपतो तो हाच विश्वास.

तिग्रायमधील युद्ध प्रिटोरिया येथे २ नोव्हेंबर २०२२ रोजी झालेल्या कराराने थांबले; डिसेंबरअखेर तिग्रायच्या राजधानीची, मेकेलेची, विमानसेवा सुरू झाली, वीज, दूरध्वनी आणि बँका टप्प्याटप्प्याने परतल्या. मेकेलेत डॉ. रेजिनाल्ड आणि डॉ. कॅथरीन हॅम्लिन यांच्या संस्थेचे फिस्टुला केंद्र युद्धाच्या कितीतरी आधीपासून आहे, म्हणजे दुरुस्तीची जागा आणि परंपरा तिथे होतीच. पण २०२१च्या वेढ्यात घरी बाळंत झालेली बाई करार झाला म्हणून दुसऱ्या दिवशी त्या केंद्रात येत नाही. तिला आधी कुठून तरी कळावे लागते, मग भाड्याचे पैसे जमावे लागतात, मग सोबत यायला कोणी तयार व्हावे लागते, आणि यात चार-पाच वर्षे सहज जातात. युद्धोत्तर आरोग्य-योजना बहुधा दोन किंवा तीन वर्षांच्या आखल्या जातात. फिस्टुलाच्या बाबतीत ती मुदत किमान दहा वर्षांची धरावी लागेल, आणि तिचा पहिला खर्च नव्या शस्त्रक्रियागृहावर न करता, अडून मोकळ्या झालेल्या प्रत्येक बाळंतिणीच्या घरी दहाव्या दिवशी पिशवीत कॅथेटर घेऊन जाणाऱ्या आरोग्यसेविकेच्या पगारावर करावा लागेल.